साडेसहाच्या वर नाही

गुरुनाथ वळसंगकर यांनी जन्मात कशालाही साडेसहाच्या वर मार्क दिलेले नव्हते. पुलाला नाही, पोळीला नाही आणि अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या दीडशे किलोच्या पोरांना तर नाहीच नाही.

पेनसिल्व्हेनियातले पूल तपासण्याची नोकरी त्यांनी चौतीस वर्षं केली. पुलाखाली उतरायचं, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, गंज खरवडायचा आणि शून्य ते नऊ यांतला एक आकडा लिहून मोकळं व्हायचं. नऊ म्हणजे नवाकोरा. गुरुनाथरावांच्या मते पूल फीत कापून होईपर्यंतच नवा असतो, त्यामुळे नऊ हा आकडा छापण्यात सरकारने शाई का फुकट घालवली, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी पुलांना फार तर सहा दिले. निवृत्त झाल्यावर माणूस थोडा मऊ पडतो. वरचा अर्धा त्यातला.

फुटबॉलशी त्यांची गाठ चुकून पडली. सोलापूरहून पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकायला आले, त्या पहिल्याच महिन्यात रूममेटांनी त्यांना स्टेडियममध्ये नेलं. हजारो माणसं बॉलकडे बघून ओरडत होती आणि यांना बॉल काही सापडेना. मग त्यांनी पुढच्या पाच धिप्पाड पोरांवर नजर ठेवली, कारण ती तेवढी स्पष्ट दिसत होती. ही पाच पोरं बॉलला हात लावत नव्हती. बॉल फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहायचं आणि अंगावर येईल त्याला अडवायचं, एवढंच त्यांचं काम. अडवलं तर कुणी नाव घेत नाही, नाही अडवलं तर सगळं स्टेडियम बोट दाखवतं. स्थापत्य शिकणाऱ्या मुलाला हे फार पटलं. खेळ म्हणतात तो हाच, अशी त्यांची समजूत झाली. बॉलचाही त्यात काही संबंध असतो हे कळायला पुढे दोन वर्षं गेली.

ती समजूत म्हातारपणी कामाला आली. दर एप्रिलमध्ये व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या, अडीचशेच्या आसपास नावं, आणि बाकीचे हजारो घरी. त्याआधी कोण किती पाण्यात आहे हे सांगणाऱ्यांचा मोठा बाजार भरतो. पिट्सबर्गच्या एका छोट्या कंपनीसाठी गुरुनाथराव लाइनमनचे, म्हणजे त्या पुढच्या पाचांचे, रिपोर्ट लिहू लागले. तळघरात बसायचं, व्हिडिओचा आवाज बंद करायचा आणि एकेक खेळी नऊ वेळा बघायची. त्यातल्या पहिल्या पाच वेळा फक्त पाय. "पहिलं पाऊल सगळेच टाकतात," असं त्यांचं म्हणणं. "लाइनमन कळतो दुसऱ्या पावलावर." मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभं असतानाही त्यांचे डोळे खालीच. "त्या माणसाचा सगळा भार टाचेवर आहे. कुणीही ढकलेल त्याला." त्यांच्या पत्नी पद्मजाबाई म्हणत, "अहो, तो बासुंदी घेतोय. त्याला कोण कशाला ढकलायला जातंय?"

संघांसाठी पोरं हेरत फिरणाऱ्या स्काऊटांना मात्र हा कंजूसपणा आवडे. सगळीकडे साखर पेरलेले रिपोर्ट वाचून त्यांच्या तोंडाला मिठी बसलेली असे. गुरुनाथरावांनी पावणेसहा लिहिले की कर्टिस नावाचा एक जुना स्काऊट तो पोरगा बघायला चार तास गाडी हाणत जायचा.

हाच कंजूसपणा घरात आणखी एका कारणाने कडक होता. परक्याच्या पोराचं ते तोंड भरून कौतुक करत. घरच्याचं करायचं नाही. दृष्ट लागते, आणि दिसतंही बरं नाही, हा दंडक त्यांनी सोलापूरहून येताना लोणच्याच्या बरणीबरोबर सांभाळून आणला होता. बरणी केव्हाच संपली. मुलाला, नीलला, नावाजलेल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला तेव्हा पाहुणे अभिनंदन करायला आले. गुरुनाथराव म्हणाले, "लागला आपला कसाबसा." नील चिवड्याच्या बश्या घेऊन तिथेच उभा होता. आता तो ॲरिझोनात चँडलरला एका चिप बनवणाऱ्या कंपनीत बऱ्यापैकी वर आहे आणि दर रविवारी न चुकता फोन करतो. फोन अकरा मिनिटांचा असतो.

आणि मग शार्दूल. मंडळातल्या सुवर्णाचा मुलगा, नात्याचा नाही, पण घरच्यासारखाच. सुवर्णा युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये कामाला. नवरा फार लवकर गेला. पद्मजाबाई तळघरात रविवारची मराठी शाळा घेत, तिथे ती शार्दूलला सोडून जायची. दहा वर्षांचा असताना तो बाराखडीतून निसटला आणि तळघराच्या दुसऱ्या कोपऱ्यात गुरुनाथकाकांच्या स्क्रीनसमोर जाऊन बसला. तिथून तो उठलाच नाही. उठला तो सहा फूट चार इंच होऊन. मंडळातल्या बायका सुवर्णाला विचारत, "काय गं खायला घालतेस?" आणि ती खरंच सांगायची, "आमटीभात. पण पातेल्याने." गुरुनाथरावांनी आपल्या दारापुढच्या ड्राइव्हवेवर खडूने पावलं आखली आणि बारा वर्षं बागेतल्या खुर्चीत बसून एकच शब्दप्रयोग केला: "दुसरं पाऊल!" डोंगरापलीकडच्या एका छोट्या कॉलेजात शार्दूल लाइनवर गार्ड म्हणून उभा राहिला, चार वर्षं खेळला, आणि त्याच्या बाजूने एकही माणूस सहजासहजी आत शिरला नाही. गुरुनाथरावांचा त्या पोरावर जीव होता. त्याला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं.

शार्दूल ड्राफ्टला उभा राहिला तेव्हा गुरुनाथरावांनी कंपनीला कळवलं, हे घरचं मूल आहे, याचा रिपोर्ट मी लिहिणार नाही. छोट्या कॉलेजच्या पोराला सहाव्या-सातव्या फेरीत कुणी घेतलं तर घेतलं. घेतलं तर संघ त्याला वेळ देतो, शिकवतो. नाही तर कुणाच्या तरी मेहेरबानीवर दारात उभं राहावं लागतं. कर्टिसच्या संघाला सातव्या फेरीसाठी एक गार्ड हवा होता, आणि यादीत दोनच नावं उरली होती, त्यातलं एक शार्दूलचं. मार्चमधल्या एका शनिवारी कर्टिसचा फोन आला. "रिपोर्ट नाही लिहिलात, हरकत नाही. मी घरी येतो. बोलू."

आणि इथे घोळ झाला. पुलाखाली उभं राहून गुरुनाथराव अमेरिकन माणसाशी अमेरिकन माणसासारखं बोलत. पण बैठकीच्या खोलीत पाहुणा कोचावर बसलेला, पद्मजाबाईंनी कांदेपोह्यांची बशी पुढे केलेली, वर खोबरं-कोथिंबीर पेरलेली, आणि पाहुणा विचारतोय घरच्या मुलाबद्दल! पन्नास वर्षांची अमेरिका एका मिनिटात गळून पडली. गुरुनाथराव पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसले.

"बारा वर्षं बघताय तुम्ही त्याला," कर्टिस म्हणाला. "कसा आहे?"

"बरा आहे. मेहनत करतो."

"पाय?"

गुरुनाथरावांची छाती आतून फुगली. असे पाय त्यांनी तळघरातल्या सगळ्या वर्षांत चार वेळा पाहिले होते. "पाय चालतात," ते म्हणाले. इंग्रजीत ते "ओके आहेत" असं झालं.

"ताकद?"

"आहे आपली. अजून पुष्कळ शिकायचंय."

कर्टिसने लिहून घेतलं. मग वही मिटून विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर घेतलं असतंत?"

"आता तुम्ही जाणकार माणसं," गुरुनाथराव नम्रपणे हसले, "आम्ही काय सांगणार?"

कर्टिसने पोहे संपवले, पद्मजाबाईंचे आभार मानले आणि तो गेला. गुरुनाथराव समाधानाने दार लावून आले. "झालं काम."

"कसलं काम? एक शब्द धड बोलला नाहीत त्या लेकराबद्दल!"

"आपल्या पोराची जाहिरात आपण करायची? समोरच्याने ओळखायचं असतं."

दुसऱ्या दिवशी रविवार. अकरा मिनिटांच्या फोनमध्ये त्यांनी हा सगळा प्रसंग नीलला रंगवून सांगितला. 

"बाबा, तुम्ही 'ओके' म्हणालात? लिटरली?"

"मग काय नाचू?"

"बाबा, ही इज अ स्काऊट. तुम्ही ओके म्हणालात तर तो ओकेच लिहिणार. म्हणजे नको." नील म्हणाला. "तुम्ही खूश होता हे मला कळायला पंधरा वर्षं लागली. मी तर घरात राहत होतो. त्याला कोण सांगणार?"

त्या दिवशी फोन चौदा मिनिटं चालला. ठेवल्यावर गुरुनाथराव बराच वेळ चिवड्याच्या डब्याकडे बघत बसले. त्यांना भीती वाटली, आणि लाजही.

सोमवारी सकाळी आठला त्यांनी कर्टिसला फोन लावला आणि जन्मात पहिल्यांदा तो आकडा उच्चारला. "सात. सव्वासातसुद्धा. असे पाय तुम्हाला सातव्या फेरीत मिळायचे नाहीत."

"परवा तर ओके होते," कर्टिस म्हणाला.

"ती आमची पद्धत आहे. घरच्याला चांगलं म्हणायचं नसतं."

कर्टिस हसला. वाईट माणूस नव्हता तो. "गुरु, तुम्ही भिडेखातर बोलत नाही, म्हणून मी तुमचं ऐकतो. परवा खरं बोललात. आता दोन रात्री झोप आली नसेल, मुलाची आई भेटली असेल. मी समजू शकतो. पण हे मी वहीत कसं लिहू?"

गुरुनाथरावांनी तळघरात जाऊन नऊ पानी रिपोर्ट लिहिला. प्रत्येक खेळी, प्रत्येक पाऊल. खाली सव्वासात. पिट्सबर्गहून उत्तर आलं, तुम्हीच कळवलं होतं की हे घरचं मूल आहे. नियमाप्रमाणे हा रिपोर्ट पुढे पाठवता येत नाही. चौतीस वर्षं नियमावर बोट ठेवून त्यांनी किती कंत्राटदारांना रडवलं होतं. 

ड्राफ्टचा तिसरा दिवस शनिवारचा. सुवर्णाकडे टीव्हीसमोर माणसं जमली, पद्मजाबाईंनी बेसनाचे लाडू नेले. दुपार गेली, संध्याकाळ आली. सातव्या फेरीत कर्टिसच्या संघाची पाळी आली आणि त्यांनी दुसऱ्या पोराचं नाव घेतलं. त्या पोराला गुरुनाथरावांनीच फेब्रुवारीत पावणेसहा दिले होते. पावणेसहा म्हणजे जा आणि बघून या. टीव्हीवर त्या पोराची आई रडत होती. सुवर्णा उठून स्वयंपाकघरात गेली.

अर्ध्या तासाने शार्दूलचा फोन वाजला. कर्टिसच होता. पुढच्या महिन्यात तीन दिवस चाचणीला ये, म्हणाला. करार नाही, कसलं वचन नाही.

शार्दूल बाहेर पायरीवर बसला होता. पायरी त्याच्याखाली दिसत नव्हती. गुरुनाथराव शेजारी उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. पोहे, कोच, ओके, सगळं. "तुझं नाव माझ्यामुळे गेलं," ते म्हणाले.

शार्दूलने मान वर केली. "वेट. काका, तुम्ही स्काऊटला सांगितलं, पाय चालतात?"

"हो रे."

"माझे?" दिवसभर उतरलेला त्याचा चेहरा उजळला. "यू नेव्हर सेड दॅट टू मी. बारा वर्षांत कधीच नाही. आई! काका म्हणाले माझे पाय चालतात!"

गुरुनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या वाक्याने पोराचा घास गेला, तेच वाक्य तो बक्षिसासारखं मिरवत होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चालतात नाही रे. उत्तम आहेत. मी पाहिलेल्यांतले सगळ्यात चांगले. सव्वासात."

शार्दूलचं हसू हळूहळू विझलं.  लहानपणापासून त्याने पाहिलं होतं, काका तोंड भरून कौतुक कुणाचं करतात ते. परक्यांचं, आणि ज्यांचं काही होणार नाही त्यांचं.

"काका," तो हळूच म्हणाला, "म्हणजे संपलं का सगळं? चाचणीला नको जाऊ?"

समोर सुवर्णाचा ड्राइव्हवे होता. गुरुनाथरावांनी घसा खाकरला. आयुष्यात त्यांनी एकही खोटा रिपोर्ट लिहिला नव्हता.

"जायचं. पण असा गेलास तर पहिल्या दिवशीच घरी पाठवतील," ते कडकपणे म्हणाले. "दुसरं पाऊल उशिरा पडतंय तुझं. उद्या सकाळी सातला आमच्या घरी ये. खडू मी काढून ठेवतो."

शार्दूलचा जीव भांड्यात पडला. "ओके काका," म्हणत तो उठला आणि लाडू खायला आत गेला.

त्याचं दुसरं पाऊल गेली तीन वर्षं एकदाही उशिरा पडलं नव्हतं.