परातीच्या काठावरचं नाव

माझ्या स्वयंपाकघरात तीन गोष्टींना दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही: लोखंडी कढई, आईची पितळी परात आणि मोबाइलचा ट्रायपॉड. आई शिरोळची. माझ्या लग्नात तिनं ही परात दिली, तेव्हा रिवाजाप्रमाणे काठावर स्वतःचं नाव-गाव कोरून घेतलं होतं. ती गेल्यापासून दर उन्हाळ्यात तिच्या पद्धतीची चटणी, म्हणजे आमच्याकडचा कांदा-लसूण मसाला, मी करते. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, तेलात लाल होईस्तोवर तळलेला कांदा, खोबरं, तीळ, भरपूर लसूण. गिरणीतल्या डंकावर कुटून घेताना शेजारी उभं राहायचं, नाहीतर आधीच्या बाईचा मसाला आपल्यात मिसळतो.

फोटोंचा नाद मला नंतर लागला. खिडकीशी परात ठेवायची, पलीकडून उजेड फिरवायला टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल उभा करायचा आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा. शेजारच्याच घरात थोरली जाऊ राहते. ती बाजारची तयार पूड आणून, तीत लसूण घालून चटणी म्हणून विकते. जाहिरातीला मात्र फोटो माझे. मी कोपऱ्यात माझं नाव टाकलं, तिनं तो कोपराच कापला. विचारलं तर म्हणाली, "घरातलाच फोटो हाय की. तुझं आन् माझं काय येगळं हाय व्हय?"

तेही मी गिळलं असतं. पण एका रविवारी घरी पाव्हणे होते. माझ्या चटणीचा तांबडा रस्सा थोरलीच्या चटणीचा समजून भुरकत सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "चटणी करावी तर थोरलीनं. धाकटीला नुस्तं फोटो काढाय येत्यात." आणि जाऊबाई मान खाली घालून म्हणाल्या, "माझ्या म्हायारची पद्धत हाय, आई." माझ्या आईची चटणी माझ्या डोळ्यांदेखत तिच्या आईची झाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी भाकरी वाढत राहिले, पण हिला सोडायचं नाही हे तिथंच ठरलं.

पुढच्या फोटोला मी अख्खी सकाळ घालवली. परात चिंचेनं घासली. काठावरच्या अक्षरांत चटणी भरली आणि वरून बोट फिरवून पुसली, म्हणजे अक्षरं तेवढी लाल राहिली. मोबाइल असा लावला की नाव बरोबर मधोमध आलं. ते कापायचं तर चटणीच कापावी लागली असती. ग्रुपवर तो फोटो वीतभर दिसायचा, त्यात ती अक्षरं म्हणजे काठावरची नक्षीच वाटत होती. फोटो टाकून मी वाट बघत बसले.

बचत गटांच्या प्रदर्शनात जाऊबाईंनी स्टॉल घेतला आणि मागं दाराएवढा फ्लेक्स लावला. फोटो तोच. मी सासूबाईंना मुद्दाम सोबत नेलं. घरात कुठलंही कार्य उरकलं की नावं वाचून ज्याची त्याची भांडी लावायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. भांडं दिसलं की त्यांची नजर आधी काठावर जाते.

त्या थांबल्या, आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचू लागल्या. मग कडाडल्या, "अगं, ही तर धाकटीच्या आईची परात! मग चटणी तुझ्या म्हायारची कशी गं?"

जाऊबाई गडबडल्या. "नुस्ता फोटू हाय ओ, आई."

"फोटू नुस्ता, मग पाकिटात काय हाय?" एका गिऱ्हाईक बाईनं हातातलं पाकीट परत टेबलावर ठेवलं. तिच्या मागच्या दोघींनीही ठेवलं.

मी चार टोचरी वाक्यं पाठ करून गेले होते, त्यांतलं एकही लागलं नाही. मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. कोल्हापुरात ज्याच्या त्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो. माझ्या आईचं नाव मात्र भांड्यांशिवाय कुठं लागलं नव्हतं. ते एवढं मोठं लागलेलं मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि जाऊबाईंचा पडलेला चेहरा बघून बरंही वाटलं.

जाऊबाईंनी तो फ्लेक्स गुंडाळून कचऱ्यापाशी टाकला. मी उचलून आणला. यंदा गच्चीवर तोच अंथरला आणि वर मिरच्या वाळत घातल्या, नाव तेवढं उघडं ठेवून. जाऊबाईंच्या माडीची खिडकी बरोबर समोर आहे. मिरच्या चार दिवसांत वाळल्या. मी त्या आठ दिवस ठेवल्या.