फादर तेल घेऊन आले

पप्पांची बायपास एकदा पुढे ढकलली गेली होती, कारण त्यांचं ब्लड प्रेशर उतरायचं नाव घेत नव्हतं. आज दुपारी पुन्हा नेणार होते. सकाळीच डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून बजावलं, "यांना शांत ठेवा. प्रेशर खाली आलं नाही तर आजही हात लावता येणार नाही, आणि आणखी थांबणं धोक्याचं आहे."

शांत ठेवायचं काम मी अंगावर घेतलं. अंधेरीच्या ऑफिसात मी दिवसभर माणसं सांभाळते, त्यामुळे मला सगळं जमतं असा माझा समज आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी वॉर्डाच्या दारातच दम देत होते: रडायचं नाही, कुणाच्या आजारपणाचे किस्से सांगायचे नाहीत, हसून बोलायचं. नातेवाईक बिचारे हसत होते, क्रिकेटचा स्कोर सांगत होते. पप्पा नुसती मान हलवायचे आणि प्रेशर जिथल्या तिथे.

अशात मम्मीने मला वॉर्डाबाहेर गाठून हळूच सांगितलं, "मी देवळात जाऊन आले. फादर येतायत. पप्पांना तेल लावतील."

आम्ही बोरिवलीच्या गावठाणातले जुने ख्रिस्ती. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. फादर आजाऱ्याच्या कपाळाला नि तळहातांना पवित्र तेल लावतात, ते बरं होण्यासाठी, बळ येण्यासाठी. हे प्रवचनात सांगून सांगून ते थकले. ऐकतंय कोण? आम्ही घरघर लागेपर्यंत थांबतो, मग बोलावतो, आणि माणूस गेला की म्हणतो, बघा, तेल लावलं आणि गेला. आजोबांच्या वेळी फादर अंगणात दिसताच आत्याने काळी साडी इस्त्रीला काढली होती. आजोबा तेव्हा चांगले जागे होते.

मी मम्मीवर भडकले. "तुला कळतं का गं? फादरना बघून पप्पांचं प्रेशर कुठे जाईल? फोन कर, नको म्हणून सांग."

"नाय करणार," ती म्हणाली. आयुष्यभर पप्पांना विचारल्याशिवाय मासळीसुद्धा न घेणारी बाई. "माजा नवरा हाय. देवाला न सांगता मी त्याला आत पाठवणार नाय."

"आणि काही झालं तर?"

तिने जपमाळ काढली आणि मणी ओढायला लागली. मला दया यायला हवी होती, पण रागच आला.

फादरना बाहेरूनच परत पाठवायचं ठरवून मी जिन्यापाशी जाऊन उभी राहिले. ते लिफ्टने आले. मी धावत वॉर्डात पोचले तेव्हा ते पप्पांच्या पलंगाशी उभे होते, हातात तेलाची बारकी डबी. पप्पा डबीकडेच बघत होते. मशीनवर नाडीचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत चढत गेला. वाटलं, वाट लागली, आजही नेणार नाहीत.

"फादर," पप्पा म्हणाले, "म्हणजे मी चाललो ना?"

"तसं असतं तर सांगितलं असतं," फादर म्हणाले. "ऑपरेशन आहे, म्हणून बळ मागायला आलोय. तुम्हाला भीती वाटते का?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. मी कुणाला विचारू दिला नव्हता.

पप्पांचा चेहरा आक्रसला आणि ते हमसून रडू लागले. शेजारच्या पलंगावरचा माणूस उठून बसला. "लय वाटते," ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "हिने सगळ्यांना हसत ठेवलंय. आपल्या घराण्यात एवढं कोण हसतं? मला वाटलं डॉक्टरने हात टेकले, म्हणून माज्यापासून लपवतायत."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. फादरनी घाई केली नाही. पप्पांचं रडू ओसरू दिलं, मग कपाळाला तेल लावलं, तळहातांना लावलं. येशूसुद्धा मरणाआधी घाबरला होता आणि त्याने आपल्या बापाला ते उघड सांगितलं होतं, एवढंच ते बोलले. ही गोष्ट मी लहानपणापासून दर गुड फ्रायडेला ऐकत आले होते. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्या उपयोगाची वाटली.

नर्सने दंडाला पट्टा बांधून प्रेशर घेतलं, थोड्या वेळाने पुन्हा घेतलं. उतरलं होतं. अजून जरा जास्तच होतं, पण डॉक्टर म्हणाले, "चालेल, घेऊ या."

मी स्ट्रेचरबरोबर चालत होते. तेच ते हसू सवयीने माझ्या तोंडावर येत होतं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी पप्पांनी माझा हात धरला.

"तुला वाटते का भीती?"

"हो," मी म्हणाले. "खूप."

"मग 'आमच्या बापा'ची प्रार्थना म्हण ना, पोरी."

मी सुरू केली आणि अर्ध्यावर अडले. पुढची त्यांनीच म्हटली, आडव्या आडव्या, वॉर्डबॉय स्ट्रेचर आत ढकलत असताना. शेवटाला येऊन ते थांबले आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिले. दार बंद व्हायच्या आत, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, मी आमेन म्हटलं.