नको म्हटलेलं दूध

माझं पोस्टिंग आफ्रिकेतल्या शांतिसेनेत झालं तेव्हा मी कॅप्टन होते. देशाचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ती माणसं अजून तिथेच राहतात. आता माझी शॉर्ट सर्व्हिस संपली आहे आणि मी बेळगावात आई-वडिलांजवळ असते. कडोलीच्या वाचनालयाने अनुभव सांगायला बोलावलं होतं. लोकांसमोर बोलणं मला जमत नाही. लिहून देते म्हटलं.

आमचा बेस एका नदीपासून थोड्या अंतरावर होता. नदीकाठी शेतकऱ्यांची गावं होती. दोन-तीन पिढ्यांपूर्वी येऊन वसलेले लोक. त्यांच्या पलीकडे गवताळ माळ, आणि माळावर गुराखी. हे त्यांच्याही आधीपासूनचे. शेत वाढलं की चराई कमी होई. चराई कमी झाली की गुराखी गावावर धाड घालत. गुरं नेत, कधी मुलंही नेत. गावातले लोकही गप्प बसत नसत. त्यांनीही माळावरची मुलं आणलेली होती. आमच्या ब्रीफिंगमध्ये दोन्ही बाजूंच्या मुलांना एकच शब्द होता, ‘अॅबडक्टी’. नेलेलं मूल दुसऱ्या घरात वाढे, तिथली भाषा बोलू लागे, तिथली गुरं राखू लागे.

माझ्याकडे महिला एंगेजमेंट टीम होती. काम साधं. गावात जायचं, बायकांशी बोलायचं, ऐकायचं, रिपोर्ट लिहायचा. माझ्याबरोबर लान्स नाईक रेणुका, खानापूर तालुक्यातली. ड्रायव्हर नाईक पोवार, कागलकडचा. आणि टीमचे सिनिअर जेसीओ, नायब सुभेदार जिनगोंडा मगदूम. निपाणीजवळच्या एका गावातले. घरी तंबाखूचं शेत. जैन. इतक्या लांब आमच्या भागातली चार माणसं एका टीममध्ये आली हा योगायोग होता. त्याबद्दल मी आजही आभारी आहे.

मगदूम साहेब दिवस मावळल्यावर काही खात-पीत नसत. पाणी तेवढं घेत. एवढ्या वर्षांच्या नोकरीत, बर्फात आणि वाळवंटातही, त्यांनी हा नेम मोडला नव्हता. लंगरवाला त्यांचं ताट संध्याकाळी आधीच काढून ठेवी. ते कांदा-बटाटाही खात नसत. फौजेत बटाट्याशिवाय भाजी नसते. त्यामुळे ते ताटातले बटाटे वेचून शेजाऱ्याला देत, आणि त्यांच्या शेजारी बसायला रोज भांडण होई.

“साहेब, आज माझा नंबर हाय,” पोवार म्हणे.

“काल बी तुझाच होता. रेणुकाला बसू दे. बारीक झालीया.”

“मी न्हाय बारीक. ह्योच जाड झालाय तुमच्या बटाट्यांनी.”

ते मला ‘मॅडम’ म्हणत आणि नेहमी एक पाऊल मागे उभे राहत. मी मीटिंगमध्ये कमी बोलते हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. त्यानंतर प्रत्येक मीटिंगआधी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत, “मॅडम, तुमचं काय मत?” मग मला बोलावंच लागे.

बेसच्या गेटवर एक बाई येऊन उभी राहायची. शेतकऱ्यांच्या गावातली. तिची मुलगी चार-पाच वर्षांची असताना धाडीत नेली होती. आता ती माळावरच्या एका कॅम्पमध्ये आहे असं तिच्या कानावर आलं होतं. तिचं मागणं एवढंच होतं : जिवंत आहे का ते पाहून या. मुलीच्या उजव्या कोपरावर भाजल्याचा डाग आहे.

आम्ही निघालो. आमची दुभाषी होती मार्था, गावच्या शाळेतली शिक्षिका. तिलाही लहानपणी पळवून नेलं होतं. ती गुराख्यांत वाढली आणि मोठी झाल्यावर परत आली. दोन्हीकडची भाषा तिला येत होती आणि दोन्हीकडचे लोक तिच्यावर अर्धाच विश्वास ठेवत. वाटेत एका ओढ्यात आमची दुसरी गाडी रुतली. ती माणसांसकट तिथेच ठेवून पुढे जायची परवानगी बेसने दिली.

कॅम्प म्हणजे हजारभर गुरं, रुंद शिंगांची. शेणाच्या शेकोट्यांचा धूर सगळीकडे. जांबोटीला आमच्या काकांच्या गोठ्यात असतो तसाच वास. मला जरा बरं वाटलं. कॅम्पचा म्हातारा मुखिया झाडाखाली बसला होता. आम्ही समोर बसलो. मार्थाला बायकांनी झोपड्यांकडे बोलावून नेलं. ती येईपर्यंत हातवाऱ्यांवर चाललं होतं.

एका बाईने भोपळ्याच्या भांड्यातून दूध आणलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी छातीवर हात ठेवला, हसले आणि मान हलवली. नको. आमच्या घरात हेच शिकवलेलं आहे. कुणाकडे गेलं की आधी नको म्हणायचं. घरचे आग्रह करतात, मग घ्यायचं. पहिल्याच वेळी हात पुढे केला तर परत येताना रस्ताभर आईची बोलणी. बाईने भांडं रेणुकाकडे नेलं. रेणुकाही हसून नको म्हणाली. पोवारनेही हात जोडले. मगदूम साहेब म्हणाले, “नको, माऊली.” आम्ही चौघेही त्याच तऱ्हेच्या घरांतले. चौघेही दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसलो.

बाई भांडं घेऊन परत गेली.

मुखिया बोलायचा थांबला. झाडामागून तरुण पोरं उठली. रायफली सगळ्यांकडेच होत्या, आता त्या हातात आल्या. एकाने जाऊन गाडीची चावी काढली. दोघांनी गुरं हाकत आणून गाडीभोवती उभी केली.

“मॅडम, चावी नेली वं,” पोवार म्हणाला.

“बसून राहा. कुणी रायफल कॉक करायची नाही.”

“हलू नगा रं,” मगदूम साहेब हळू म्हणाले. “हात दिसतील असं बसा.”

मला गाडीपर्यंत जाऊ दिलं. रेडिओला कुणी हात लावला नव्हता.

“बेस, ब्राव्हो वन. आम्हाला कॅम्पमध्ये थांबवलंय. कुणी जखमी नाही. हत्यारं आमच्याजवळ आहेत. ओव्हर.”

“ब्राव्हो वन, बेस. क्यूआरटी तयार आहे. एकोणीसशेला तुमचा ऑल ओके आला नाही तर निघेल. ओव्हर.”

“रॉजर. आउट.”

एकोणीसशे म्हणजे संध्याकाळचे सात, आणि क्यूआरटी म्हणजे सोडवायला येणारी सशस्त्र तुकडी. ती आली असती तर गोळी चालली असती. आणि आमच्या चारी बाजूंना लहान मुलं वासरांमागे धावत होती. मला भीती वाटली ती याची.

मार्था परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती इंग्रजीत भराभर बोलली. इथे ज्याचं दूध प्यायलं त्याच्यावर हात उचलता येत नाही. म्हणून जो धाड घालणार असतो तो दूध पीत नाही. तुम्ही चौघांनीही नाकारलं. ते समजतात, तुम्ही गुरं मोजायला आलात आणि मागून गाववाले येणार आहेत.

मी ते मराठीत सांगितलं.

“म्हंजे,” रेणुका म्हणाली, “त्या बाईनं अजून एकदा ‘घ्या की’ म्हटलं असतं तर घेतलंच असतं की आपण!”

“मला तर प्यायचंच होतं,” पोवार म्हणाला. “मॅडम नको म्हटल्यावर मी कसं घेणार?”

मी मार्थाला विचारलं, आता मागता येईल का? ती म्हणाली, दूध मागत नाहीत. चरायला गेलेली गुरं परतल्यावर पुन्हा धार काढतील. तेव्हा आणलं तर प्या. सगळ्यांनी. एकानेही सोडलं तर तो एक शत्रू ठरेल, आणि मग तुम्ही सगळेच.

गुरं परततात दिवस मावळताना. धार त्यानंतर. मी मगदूम साहेबांकडे पाहिलं नाही. ते पश्चिमेकडे बघत होते. ऑर्डर देण्याचा अधिकार मला होता. मी तोंड उघडलं आणि त्यांनी हात वर केला.

“मॅडम, आर्डर देऊ नका. तुमच्या आर्डरनं प्यालो तर ते तुमच्याकडं जाईल. माझं माझ्याजवळ असू द्या.” मग त्यांनी मार्थाकडे बोट केलं. “तिला इचारा, दुधात रक्त न्हाय न्हवं?”

या लोकांत कधीकधी गाईचं रक्त दुधात घालतात. मार्था म्हणाली, आज नाही. नुसतं दूध. भांडं मात्र गोमूत्राने धुतलेलं असतं.

“मग चालतंय,” साहेब म्हणाले.

“गोमूत्र! मग घरच्यासारखंच की,” रेणुका म्हणाली. आणि ती हसली.

सूर्य बुडाला. धार काढल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने एक मुलगी भांडं घेऊन आली. तेरा-चौदा वर्षांची, केसांना राख लावलेली. तिने हात पुढे केला तेव्हा उजव्या कोपरावरचा डाग दिसला. मार्थाने माझा हात घट्ट धरला.

मुलगी पहिल्यांदा मगदूम साहेबांसमोर गेली. ते आमच्यात वयाने मोठे, मिशा पांढऱ्या. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले. नवकार म्हणत असावेत. मग दोन्ही हातांनी भांडं घेतलं आणि सावकाश मोठा घोट घेतला. मिशी पुसली. भांडं माझ्याकडे दिलं. मी प्यायले. रेणुका प्यायली. पोवारने भांडं खाली ठेवलं तेव्हा त्यात काही उरलं नव्हतं.

मुखिया काहीतरी बोलला. भोवतीची पोरं हसली.

“तो म्हणतो, एवढी भूक होती तर दुपारी नको का म्हणालात?” मार्थाने सांगितलं.

“सांगा त्याला,” मगदूम साहेब म्हणाले, “आमच्याकडं दुसऱ्यांदा इचारत्यात.”

मार्थाने सांगितलं. मुखियाने जरा विचार केला. “दुसऱ्यांदा विचारेपर्यंत दूध नासतं,” तो म्हणाला, आणि स्वतःच मोठ्याने हसला. चावी पोवारच्या मांडीवर येऊन पडली.

मी रेडिओवर गेले. “बेस, ब्राव्हो वन. ऑल ओके. सकाळी परत निघतो. ओव्हर.”

मार्था मुलीशी बोलली. मुलीला आई धूसर आठवत होती. परत यायचं का, यावर तिने मान हलवली. तिची वासरं इथे होती. मग ती म्हणाली, आईला येऊ दे, मी दूध देईन. मुखियाने ते मान्य केलं. दुसऱ्या दिवशी बेसवर मगदूम साहेबांनी काही खाल्लं नाही. त्यांच्या शेजारच्या जागेसाठीही कुणी भांडलं नाही.

काही आठवड्यांनी आम्ही त्या आईला घेऊन निघालो. गाडीत रेणुका तिला मार्थामार्फत परत परत सांगत होती : पहिल्यांदा देतील तेव्हाच घ्यायचं. साहेब पुढच्या गाडीत होते. कॅम्प दिसायला लागला आणि उजवीकडच्या झुडपांतून फायर आला. कुणी केला ते चौकशीत शेवटपर्यंत निघालं नाही. रेडिओवर साहेबांचा आवाज आला. “थांबू नका. मॅडमची गाडी पुढं काढा.” पोवारने गाडी काढली. साहेबांच्या गाडीने आमच्या आणि झुडपांच्या मध्ये उभं राहून फायर अंगावर घेतला.

आई सुखरूप पोचली. साहेबांना पोटात गोळी लागली होती. हेलिकॉप्टर उतरावं म्हणून गुराख्यांनी आपली गुरं हाकून मैदान मोकळं केलं. भर दुपार होती. ती मुलगी दुधाचं भांडं घेऊन धावत आली. पोटात गोळी असलेल्याला काही पाजायचं नसतं. मी हात आडवा केला आणि नको म्हटलं.

त्या दिवशीच्या बाईसारखी ती परत गेली नाही. त्यांच्या डोक्याशी बसली आणि माशा वारत राहिली. तिची आई तिच्या शेजारी येऊन बसली. हेलिकॉप्टर यायच्या आधी साहेब गेले.

परत आल्यावर मी निपाणीला गेले. बसस्टँडवरून रिक्षा केली. त्यांच्या पत्नीने दार उघडलं. मी काय बोलायचं ते पाठ करून गेले होते, पण दारातच सगळं विसरले. त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं आणि दुधाचा पेला आणला.

“आक्का, दिवस बुडायच्या आत घ्या वाईच.”

“हो,” मी म्हणाले आणि पेला घेतला.

त्या थोडं थांबल्या. दुसऱ्यांदा म्हणायचे शब्द त्यांच्या तोंडात तसेच राहिले. मग त्या खाली बसल्या.

“त्यांनी फोन केलता. दूध घ्यावं लागलं म्हणून सांगत होते. म्हटलं, चार माणसं घरी आली न्हवं, मग झालं. त्यांनी त्या दिवशी उपास धरला. मी बी हितं धरला.”

हे मला माहीत नव्हतं. आम्ही चौघे जिवंत परत आलो त्या दिवशी दोन माणसं उपाशी होती. एक तिकडे बेसवर आणि एक इथे, या स्वयंपाकघरात.

भिंतीवर साहेबांचा युनिफॉर्ममधला फोटो होता. निळी टोपी, पांढऱ्या मिशा. खिडकीतून ऊन त्याच्यावर आलं होतं. पेला दोन्ही हातांत धरून मी दूध प्यायले. सूर्य अजून हातभर वर होता.