बाळंतिणीचं अंगण

लेक झाली तेव्हा माझी आई लांब ऊसतोडीला गेली होती. मी मूळची जालन्याकडची, राहायला एटापल्लीत भाड्याच्या खोलीत. नवरा खनिजाच्या ट्रकवर, कधी घरी येईल त्याचा नेम नाही. माझी शाळा आठवीतच सुटली. त्यामुळे मला कायम वाटतं, सगळ्यांना ठाऊक असलेलं काहीतरी आपल्यालाच ठाऊक नाही. कुणी मोठ्या माणसानं काही सांगितलं, की मी ते जसंच्या तसं करते.

आमच्या प्रार्थनेच्या शेडात गुरुवारी बायका जमतात. वडीलधाऱ्या बायकांनी तरुणींना वळण लावावं, तेही आपल्या वागण्यातून, अशी बायबलची शिकवण आहे. आम्हाला शिकवायच्या त्या बाई इथल्याच, तळ्यातले मासे धरून लेकरं वाढवलेल्या. माझे दिवस भरत आले होते तेव्हा त्या सगळ्यांना म्हणाल्या, "घर असं ठेवा, का येनाऱ्याले आपला विश्वास दिसला पायजे."

मी ते मनात धरलं. दवाखान्यातून आले आणि दुसऱ्याच दिवशी शेणाची बादली घेऊन अंगणात बसले. दुपारपर्यंत ट्रकांची लाल धूळ पुन्हा बसायची, मी पुन्हा झाडायची. लेक ओढायची, सोडून द्यायची, रडायची. दूध पुरत नव्हतं. नर्सताईंनी तिचं वजन केलं, कार्डावर लिहिलं. मग म्हणाल्या, "पुढच्या खेपेला वाढलं नाही तर गडचिरोलीला न्यावं लागेल." त्या धास्तीनं मी आणखीच राबू लागले. वाटायचं, माझ्यातच काही उणं असेल.

एका सकाळी बाई पेजेचा डबा घेऊन आल्या. मी वाकून सारवत होते, आत लेक रडत होती.

"काऊन वं पोरी, कोनासाठी सारवून राह्यली? देवबाप तुयं आंगन पाहाले येऊन राह्यला का?"

"बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, घर असं ठेवा..."

त्यांनी डबा खाली ठेवला. "म्हनली खरी. पन अर्धंच सांगतलं मी; आधी लेकरू, मंग घर. चुकलं माहं." असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि बादली माझ्या हातातून घेतली. "जा, नीज. तिले जवळ घे. पेज गरम हाय तवर पी."

मी आत आडवी झाले. बाहेर शेजारीण बाईंना माझी सासू ठरवून कुंपणावरून हसत होती. "भल्ली मजा हाय! सून निजली नि सासू राबून राह्यली!"

"सून पाजून राह्यली," बाई म्हणाल्या. "तुले जमत असन तं ये, तू पाज. नाईतं पानी आन."

शेजारणीनं खरंच पाणी आणलं.

मग बाई रोज यायच्या. मी नुसती निजायची आणि पाजायची. आधी फार लाज वाटली. हळूहळू लेक पिता पिता झोपू लागली, ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळू लागलं. पुढच्या खेपेला नर्सताई काट्याकडे बघून हसल्या. "चांगली भरली हो."

त्याच दिवशी आईचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "कोण हाय गं तुझ्याजवळ?" मी फोन बाईंपुढे धरला. बाईंनी फोन घेतला.

"तुमी बिनघोर ऊस तोडा, बाई. पोरगी पाजून राह्यली."