डोक्यामागं भाडं

बाहत्तरच्या दुष्काळात सुभद्राबाई लेकासुनेमागं चकलांब्याहून बीडला आली ती नाइलाजानं. गावात नवऱ्यानं बांधलेलं, सागाच्या तुळयांवर मातीचं छत असलेलं माळवद होतं. पण विहिरीनं तळ दाखवल्यावर माळवद काय चाटायचं? शहादेवला सहकारी संघाच्या गोदामात हमाली मिळाली. राहायला सुंदररावांचा गोठा. गुरं विकून, पत्रे ठोकून त्यांनी त्याच्या खोल्या केल्या होत्या. रोज एसटीतून बिऱ्हाडं उतरत होती, तसं भाडं चढत होतं. खोलीचं नव्हे, डोक्यामागं. सकाळी सुंदरराव दारात उभं राहून माणसं मोजायचे.

सून बाळंत झाली त्याच आठवड्यात ते म्हणाले, "शहादेव, नवं डोकं आलं. भाडं वाढव, न्हाईतर एक डोकं कमी कर. एक मास्तर दुप्पट द्यायला तयार हाय."

"लेकरू तर धाडता येत न्हाई," कौशल्या नवऱ्याला म्हणाली. पलीकडं सुभद्राबाई नातवाला तेल चोळत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

शहादेव तिला स्टँडवर घेऊन गेला. "माय, घर बेवारस पडलंय. थोडे दिस जाऊन बस. ऐतवारी जवारी घेऊन येतो म्या."

आपलं घर म्हटल्यावर म्हातारीला बरंच वाटलं. "मग किल्ली दे की."

"उघडंच हाय, माय," तो म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

घराला दार नव्हतं. चौकट नव्हती. वर तुळयाही नव्हत्या. आत मातीचा ढीग आणि त्यावर ऊन. शेजारचा धुळाजी काठी टेकत आला.

"वैनी, तुमाला ठावं न्हाई? शहादेव गेल्या महिन्यात ट्रक घेऊन आलता. घराला कुनी इचारंना, पर बीडात खोल्या लई उठायल्यात, लाकडाला भाव हाय म्हन्ला."

सुभद्राबाईनं पदर सावरला. "मीच सांगितलं व्हतं त्याला," ती म्हणाली.

तिनं कोपऱ्यात चूल मांडली. ऐतवार आले नि गेले. धुळाजी देईल ती अर्धी भाकर खाऊन, खडी फोडायला जाऊन तिनं साल काढलं. पुढच्या श्रावणात झड लागली. माळवद नसलेल्या दगडमातीच्या भिंतीत पाणी मुरलं आणि एका पहाटे ती भिंत तिच्या अंगावर आली.

शहादेव तिसऱ्या दिवशी राख सावडायला आला. सुंदररावांनी तोवर खोली मास्तरला देऊन शहादेवचं बिऱ्हाड रस्त्यावर काढलं होतं. दुसरीकडं अनामत मागत होते. पडक्या भिंतीकडं बघत त्यानं धुळाजीला विचारलं, "काका, दगडाला गिऱ्हाईक मिळंल का हो?"