आडनाव तेवढं सांगा

लग्नानंतर आम्ही दोघं पाथर्डी फाट्याजवळ भाड्याचं घर शोधत होतो. तीन घरमालकांनी आडनाव ऐकलं आणि घर अचानक ‘कालच गेलेलं’ निघालं. तिसऱ्याने तर आधी चहाही पाजला होता. घरी येऊन मी त्याच्याच तोंडचं एक गाणं लिहिलं:

‘मी जातपात मानत नाही, आडनाव तेवढं सांगा,
स्वयंपाकघर दाखवतो, आधी गाव तेवढं सांगा.’

नाशिक रोडला माहेरच्या वसाहतीत मी ते म्हटलं, तेव्हा पहिल्याच ओळीला बायका पदर तोंडाला लावून हसल्या. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मग अंबडच्या आमच्या कंपनीच्या स्नेहसंमेलनात म्हटलं. मी तिथे स्टोअरला आहे. कार्यक्रम संपल्यावर आमचे साहेब लगबगीने आले.

“मॅडम, काय लिहिलंय! अगदी माझ्या मनातलं. शब्द पाठवा ना मला.”

माणूस लाजला असेल, स्वतःवर हसायला शिकला असेल, असं मला वाटलं. एवढा चांगुलपणा मी त्याला उगाच बहाल केला.

महिनाभराने त्यांनी मला त्यांच्या सोसायटीच्या संमेलनाला बोलावलं. साहेब नवा कुर्ता घालून स्टेजवर उभे राहिले आणि डोळे मिटून, गळा काढून त्यांनी माझं गाणं म्हटलं. भावगीत म्हणावं तसं. ‘आधी गाव तेवढं सांगा’ला तर आवाज भरून आला. समोरचे लोक माना डोलवत होते. माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “खरंय हो. विचारावंच लागतं.”

जेवणाच्या रांगेत मी साहेबांना गाठलं.

“साहेब, गाण्यातला तो मालक वाईट माणूस आहे. त्याची टर उडवलीय मी.”

“वाईट?” ते खरोखर गोंधळले. “अहो, किती नम्रपणे विचारतोय बिचारा! हाकलून तर देत नाही ना?”

त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी मागेच ताट घेऊन उभी होती. ती म्हणाली, “बाबा, ते गाणं तुमच्यासारख्यांवरच आहे.”

“तू गप गं,” ते म्हणाले आणि माझ्याकडे वळून हसले.

“ज्यांना घर मिळालं नाही, ते आम्हीच होतो,” मी म्हणाले.

साहेबांनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने एक जिलेबी वाढली. “तुमचं वेगळं हो, मॅडम. तुम्ही त्यांच्यातल्या वाटतच नाही.”

इतकी वर्षं या माणसाला मी रोज सकाळी नमस्कार करत होते, याचीच मला किळस आली. मी ताट तसंच टेबलावर ठेवलं. मुलगी खाली गेटपर्यंत सोडायला आली, माफी मागायला लागली. तिला म्हटलं, तू कशाला मागतेस?

गाण्यात खुलाशाचं एक कडवं घाल, असं नवरा सुचवतो. मी घालणार नाही. साहेब ते कडवंही गळा काढून म्हणतील.