नकाशात नसलेली गच्ची

माझे काम आईला एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून ती लोकांना "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढेच सांगते. इमारतीत कोणती वस्तू आणि कोणता माणूस कोणत्या क्षणी कुठे आहे, याची आपोआप नोंद ठेवणाऱ्या यंत्रणा मी उभ्या करते. दाराच्या चौकटीवर रीडर बसतो, वस्तूला किंवा ओळखपत्राला नखाएवढा टॅग चिकटतो आणि टॅग दारातून गेला की वेळेसह नोंद पडते. कोणाला बटण दाबावे लागत नाही, सही करावी लागत नाही. भौतिकशास्त्र शिकून मी या क्षेत्रात आले ते याच आकर्षणाने. कोणाच्या म्हणण्यावर विसंबण्याची गरज नसलेली माहिती मला स्वच्छ वाटत असे.

पुढचा प्रसंग मी कार्यालयासाठी तीन वेळा, तीन वेगवेगळ्या नमुन्यांत लिहिला आहे. तिन्ही वेळा तो लहान होत गेला. येथे तो पूर्ण लिहिते.

वडिलांची विमा कंपनीतली शेवटची बदली जयपूरला झाली आणि निवृत्तीनंतरही आम्ही मालवीय नगरातच राहिलो. घरापासून दहा मिनिटांवर, एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचे कार्यालय आहे. मागच्या वर्षी आम्हाला एका रत्नांच्या कारखान्याचे काम मिळाले. पाचू कापून, घासून, रंगाप्रमाणे निवडून विकणारा तो कारखाना शहराच्या दक्षिणेकडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कारभार थोरल्या शेठजींकडून मुलाकडे आला होता. मुलाला सगळे छोटे शेठ म्हणत. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: दगडांची प्रत्येक पुडी कुठे आहे ते कळावे आणि ती कोणाजवळ आहे ते कळावे. या धंद्यात दगड कागदाच्या घडीत ठेवतात आणि घडी हातोहात फिरते. बाजारात तर ती लिखापढीशिवाय, केवळ माणसाच्या नावावर दिली जाते. मला ही पद्धत तेव्हा निष्काळजीपणाची वाटली होती. प्रकल्पप्रमुख म्हणून हे माझे पहिले काम होते आणि ते चांगले झाले असते तर उत्तर भारताचा सगळा विभाग माझ्याकडे येणार होता.

इमारतीचा नकाशा मागितला तेव्हा कारखान्याने विजेच्या ठेकेदाराचा आराखडा पाठवला. तेवढाच ताजा होता. त्यात दिवे, पंखे आणि प्लग असलेली प्रत्येक खोली काटेकोर दाखवलेली होती. मी तोच आधार धरला, खोल्यांना क्रमांक दिले आणि कामाच्या जागांची यादी केली. वरच्या मजल्यावर जिन्याच्या दाराशी एक दिवा होता, म्हणून ते दार आराखड्यात होते. त्यापलीकडे कोरा कागद होता. मी त्या दाराची नोंद 'बाहेर जाण्याचा मार्ग' अशी केली. रीडर आम्ही रविवारी, कारखाना बंद असताना बसवले, कामात अडथळा नको म्हणून. त्यामुळे ती इमारत चालू असताना मी कधी पाहिलीच नव्हती.

नियम साधा होता. पुडी आणि माणूस एखाद्या दारातून गेले आणि पाच मिनिटांत कोणत्याही ओळखीच्या खोलीत दिसले नाहीत, तर 'अज्ञात स्थान' अशी लाल नोंद. दर सोमवारी छोट्या शेठना अहवाल आपोआप जात असे आणि सर्वांत जास्त लाल नोंदी असलेले नाव सर्वांत वर येत असे. नावांचा हा क्रम माझीच कल्पना. घाईत वाचणाऱ्याला महत्त्वाचे आधी दिसावे, हा हेतू.

दुसऱ्या महिन्यात छोट्या शेठचा फोन आला.

"मैडमजी, बधाई हो. आपकी मशीन ने चोर पकड़ लिया."

मला आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याच आठवड्यात एका नव्या ग्राहकासमोर माझे सादरीकरण होते. त्यात 'प्रत्यक्ष यश' या मथळ्याचे एक पान मी तेव्हाच जोडले आणि तपशील गोळा करायला दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेले.

तपशील असे होते. निवडीच्या खोलीत सर्वांत जुना कारागीर होता, रंगाची प्रत ठरवणारा. सगळे त्याला चाचा म्हणत. रोज सकाळी तो एक-दोन पुड्या घेऊन जिन्याच्या दारातून जाई आणि वीस-पंचवीस मिनिटे कुठेच दिसत नसे. महिनाभर रोज लाल नोंद. शनिवारी सुटीच्या वेळी फाटकावर सर्वांदेखत त्याची झडती घेतली. खिसे उलटे केले, जेवणाचा डबा उघडला, चपला काढायला लावल्या. काही सापडले नाही. त्याच्या सगळ्या पुड्या मोजल्या, तोलल्या. एक खडा कमी नव्हता. तरी "चौकशी संपेपर्यंत घरी बसा" असे त्याला सांगण्यात आले.

"पण काहीच कमी नाही, मग चोरी कसली?" मी विचारले.

"यही तो बात है," छोटे शेठ म्हणाले. "कुछ कम नहीं, फिर रोज जाते कहाँ हैं?"

हे त्यांनी चाचांना विचारले होते का, असे मी विचारले. ते माझ्याकडे किंचित आश्चर्याने पाहत म्हणाले, "चोर से पूछें? आपकी रिपोर्ट है ना."

निवडीच्या खोलीत दहा-बारा माणसे दिव्यांखाली मान खाली घालून बसली होती. दाराजवळ बसणाऱ्या एका प्रौढ बाईंना मी विचारले, की चाचा पुडी घेऊन कुठे जात असत. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"मैडम, आपको सच में नहीं पता?" माझा चेहरा पाहून त्या हसल्या. "लो भई, मशीन लगाने वाली को ही नहीं पता!"

खोलीत एकदोघे हसले, पण ते हसणे छान नव्हते. बाई उठल्या, मला जिन्याने वर घेऊन गेल्या आणि त्या दारातून मी पहिल्यांदा गच्चीवर आले. उत्तरेच्या कठड्याला लागून एक चुना लावलेला ओटा होता, त्यावर पांढरा कागद दगडांनी दाबून ठेवलेला. दिव्याखाली पाचू पिवळा नाहीतर निळा पडतो, बाई सांगत होत्या. ऊनही चालत नाही. सकाळचा उत्तरेचा उजेड तेवढा खरे बोलतो. मोठ्या शेठजींच्या काळापासून शेवटची निवड याच ओट्यावर होत आली आहे. बाकीचे कधीमधी वर येत, चाचा रोज.

प्रकाशाच्या वर्णपटावर मी विद्यापीठात एक अख्खे सत्र घालवले होते. दिव्याखाली रंग बदलतो, हे मला कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती. तरीही ज्या जागेत विजेचा दिवा नाही तिथे काम नाही, असे मी गृहीत धरले होते. तेही न ठरवता, ठेकेदाराच्या रेषांवरून.

"घरी कुठे राहतात ते?" मी विचारले.

"घर पे कौन है? वो रहे," बाईंनी कठड्यावरून खाली बोट दाखवले.

फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर, बाकाच्या टोकाला, स्वच्छ पांढऱ्या कुर्त्यातला एक वृद्ध माणूस मांडीवर डबा ठेवून बसला होता. रोज नऊला यायचे आणि सहाला घरी जायचे. घरी बसला असता तर गल्लीने कारण विचारले असते.

मी खाली गेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"आप ही हैं मशीन वाली? मैं तो समझा था कोई बूढ़ा आदमी होगा, चश्मे वाला. बैठो बेटा. चाय?"

मी नकाशाविषयी सांगू लागले. सांगताना माझे शब्द जास्त तांत्रिक होत आहेत, हे मला ऐकू येत होते. त्यांनी अर्ध्यावर थांबवले.

"मतलब तुम्हारे काग़ज़ में छत नहीं है."

"नहीं है."

"बस?"

"बस."

त्यांनी चहाचा पेला बाकावर ठेवला. मग त्यांनी जे सांगितले ते मराठीत लिहिते. रत्नांच्या जोहरी बाजारात संध्याकाळी दोन दलाल त्यांना पारखायला पुड्या देत असत, वर्षानुवर्षे, तोंडी. सोमवारी दोघेही म्हणाले, सध्या माल नाही. त्यांच्यासमोर पुड्यांचा ढीग पडलेला होता. फाटकावरच्या झडतीची बातमी शनिवारी रात्रीच बाजारात पोहोचली होती. हातात पुडी मिळणे बंद झाले, की या धंद्यातला माणूस संपला. पुढे त्याच्या मुलालाही कोणी पुडी देत नाही.

मी कार्यालयात परतले, नकाशात गच्ची घातली आणि महिनाभराच्या नोंदी पुन्हा चालवल्या. लाल नोंद एकही उरली नाही. या सगळ्याला चाळीस मिनिटे लागली. छोट्या शेठना फोन केला. ते चांगल्या मूडमध्ये होते.

"अच्छा, छत! ठीक है, कल से आ जाएँ. और मैडमजी, छत पे भी एक रीडर लगा दीजिए."

झडती घेण्यात झालेली चूक त्यांना जाणवली नाही आणि मला त्यांच्याशी वाद घालण्याचा अधिकार वाटेना. अहवाल माझा होता.

चाचांनी मात्र यायला नकार दिला. टपरीवरच, त्याच बाकावर बसून ते शांतपणे म्हणाले, "तलाशी सबके सामने, और बेक़सूर फोन पे? लिख के दो."

माझ्या वरिष्ठांनी लेखी द्यायला स्पष्ट मनाई केली. यंत्रणा चुकली असे कंपनीच्या कागदावर आले तर पुढचा ग्राहक काय म्हणेल? त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. मी नव्या ग्राहकाच्या सादरीकरणातून 'प्रत्यक्ष यश'चे पान काढले, तेव्हा त्यांनी विचारले, "ते का काढलेस? चोर नाही तर नाही, हालचाल तर पकडली ना?" उत्तर भारताचा विभाग माझ्याकडे आला नाही. या दोन गोष्टींचा संबंध कोणी बोलून दाखवला नाही, म्हणून मीही लावत नाही.

चिठ्ठी मी साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने लिहिली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत होते. आई भाजी निवडत होती.

"काल दुपारी दोन तास तुझा ठिपका त्या कारखान्याच्या रस्त्यावरच होता," ती म्हणाली. माझ्या फोनचे ठिकाण तिच्या फोनवर दिसते. ही सोय मीच करून दिली आहे. "जेवलीस की नाही, म्हणजे काही खाल्लंस का?"

"चहाच्या टपरीवर होते."

"दोन तास चहा?"

"एका माणसाशी बोलत होते गं."

"मग ठीक," म्हणून तिने विषय सोडला. ठिपका पाहिल्यावर ती विचारते आणि उत्तर मिळाले की गप्प बसते. माझ्या अहवालात विचारण्यासाठी रकानाच नव्हता. तो सुचलाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी चाचांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. मी हिंदीत लिहिले होते, की नकाशा अपूर्ण असल्यामुळे काही नोंदी चुकीच्या झाल्या, त्या आता दुरुस्त करण्यात आल्या आहेत.

"अपूर्ण था, हो गईं, कर दी गईं," ते एकेक क्रियापद बोटाने दाखवत म्हणाले. "सब अपने आप हुआ? किसी ने किया नहीं?"

मी कागद मागे घेतला आणि टपरीच्या फळीवर ठेवून नव्याने लिहिले: गच्ची हा कामाचा भाग आहे का, हे मी विचारले नाही. चूक माझी आहे. यांनी काहीही नेले नाही, कधीही. खाली सही केली. हे लिहायला मला पहिल्या मसुद्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"अब ऊपर चलो," ते म्हणाले.

निवडीच्या खोलीत त्यांनी तो कागद दाराजवळच्या बाईंच्या हातात दिला आणि वाचायला सांगितले. कोणीतरी पंखा बंद केला. बाईंनी मोठ्याने वाचले, माझ्या नावासकट. मी दारात उभी होते. ऐकताना कोणी माझ्याकडे पाहिले नाही. सगळे चाचांकडे पाहत होते आणि चाचा खिडकीकडे. वाचन संपल्यावर मागून कोणीतरी विचारले, "छोटे सेठ ने सुना?"

"उनको भी सुना देंगे," चाचा म्हणाले, "बाज़ार के बाद." कागद त्यांनी परत घेतला आणि ते आपल्या जागेवर बसले.

कागदाने बाजारात काम केले. एका दलालाने पुन्हा पुडी दिली. दुसरा अजून माल नाही म्हणतो. गच्चीवर रीडर लागला. मी स्वतः लावला, चालू दिवशी, ओट्यापासून हातभर अंतरावर. वेळेची मर्यादा ठेवलेली नाही, हेही सर्वांना सांगितले. पण चाचा गच्चीवर जात नाहीत. बाईंनी फोनवर सांगितले, की ते आता दिव्याखालीच निवडतात, अवघड खडा दोनदा-तीनदा पाहतात, डोळे चोळतात. शेवटची प्रत पूर्वीसारखी लागत नाही, अशी ग्राहकांची कुरबुर सुरू झाली आहे. मी चाचांना दोनदा फोन करून सांगितले, की आता वर जायला काही हरकत नाही. दोन्ही वेळा त्यांनी फार अदबीने "हाँ बेटा, जाऊँगा" म्हटले.

छोट्या शेठच्या मते यंत्रणा उत्तम चालली आहे. तीन महिने एकही लाल नोंद नाही. मी रोज दुपारी त्यांच्या कारखान्याची नोंद उघडते. कामाचा भाग म्हणून नव्हे, आता ती माझी सवयच झाली आहे. आजही पाहिले. चाचांचे कार्ड नऊ वाजून दोन मिनिटांनी निवडीच्या खोलीत आले आणि एक वाजेपर्यंत तिथून बाहेर पडले नाही.